मशीन नांदेडला होतं

गावात कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडायचे आणि मी उठून चहा प्यायला जायचो. असल्या गोष्टी कधी मानल्याच नाहीत. म्हणून हे लिहिताना जरा बिचकतोय... शाळा आठवीत सुटली, चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी मूळचा धर्माबादचा, सध्या सुरतला यंत्रमागावर कामाला आहे. आई वारली. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि थोरली बहीण अक्का. अण्णा मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मिरचीचा लिलाव पुकारायचे. ठसक्यानं सगळा मोंढा खोकत असायचा आणि यांचा आवाज मात्र वेशीपर्यंत. त्याच गळ्यात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं. माणूस वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं.

अण्णांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे मेसेजचाही मार्ग बंद. मी फोन करायचो, अक्का तो त्यांच्या कानाला लावायची आणि मी एकटाच बोलत राहायचो. पलीकडून नुसती श्वासाची घरघर. व्हिडिओ कॉलला तर ते तोंड फिरवायचे. मला एकच भीती - हा माणूस आता माझ्याशी कधीच बोलणार नाही.

तेवढ्यात डॉक्टरांनी नांदेडच्या रेणुका मॅडमचा नंबर दिला. मॅडम तिथं विद्यापीठात बायोमेडिकलचं संशोधन करतात. त्यांच्या टीमनं गळ्याला बांधायचं एक मशीन बनवलं होतं, पट्ट्यासारखं. माणसानं आवाजाशिवाय नुसते ओठ हलवले, तरी गळ्याचे स्नायू कसे हलले ते ओळखून मशीन आत भरलेला शब्द बोलतं. आवाज मॅडमच्या एका विद्यार्थिनीचा; तो त्यांनी मला फोनवर ऐकवला होता. त्याची चाचणी अण्णांवर करायचं ठरलं. ही माणसं भर उन्हात आमच्या घरी आली, खाली बसली, पट्टा आधी स्वतःच्या गळ्याला बांधून दाखवला. तो काचतो असं अण्णांनी खुणेनं सांगितलं, तर पुढच्या खेपेला मऊ करून आणला. आमच्या घरच्या एका माणसासाठी एवढं कोण करतं? मी सुरतेत ऐकूनच हात जोडले.

पण मशीन घरी नीट चालेना. अक्कानं विचारलं, भाकर वाढू का. अण्णांनी ओठ हलवले आणि मशीन म्हणालं, "नको." पुन्हा विचारलं, पुन्हा "नको". अण्णा अर्धपोटी उठले आणि पट्टा काढून कोनाड्यात टाकला.

मॅडम परत आल्या तेव्हा अक्का त्यांना म्हणाली, "तुमचं मशीन लई सासूवानी हाय बघा. माणसाला खाऊच देईना."

मॅडम हसल्या. मग अण्णांसमोर बसून किती तरी वेळ त्यांच्या ओठांकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं. मशीनमध्ये "होय" भरलं होतं. अण्णा जन्मभर "हाव" म्हणत आलेले! ते मशीनला ओळखू येईना, म्हणून ते जवळचा शब्द समजून "नको" बोलत होतं.

"चूक मशीनची नाही, आमची," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पुस्तकातली मराठी भरली." आणि शब्द बदलायला मशीन नांदेडला घेऊन गेल्या. हे सगळं मला मात्र नंतर कळलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याबाहेर डबा उघडून बसलो होतो. शेजारी मल्लेश, करीमनगरकडचा तेलुगू माणूस. घरून फोन आला. हात खरकटा होता म्हणून स्पीकरवर टाकला. आधी घरघर... आणि मग मशीनमधल्या त्या मुलीचा आवाज. स्वच्छ.

"चिन्ना, जेवलास का?"

माझा घास हातातच राहिला. चिन्ना म्हणजे तेलुगूत लहानगा. आई तेलंगणातली, तिनं ठेवलेलं हे नाव घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

"जेवून राहिलो, अण्णा," एवढंच कसंबसं बोललो. फोन कट झाला. मल्लेशनं विचारलं, तुमच्या घरात तेलुगू बोलतात का? म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

मी लगेच मॅडमना फोन लावला, आभार मानायला. त्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "अहो, मशीन तर इथं माझ्या टेबलावर आहे. उघडून ठेवलंय."

अक्काला विचारलं. ती म्हणाली, अण्णांनीच खूण करून फोन लावायला सांगितला आणि कानाला धरून ओठ हलवत बसले. "पर आवाज कुठला यायचा रे? म्या तितंच भाकरी थापत होते."

मॅडमनी मला वेड्यात काढलं नाही. टीमला घेऊन सगळं तपासलं. चिन्ना हा शब्द मशीनमध्ये नव्हताच, आणि त्या मुलीनं तो कधी उच्चारलाही नव्हता. शेवटी मॅडम सरळ म्हणाल्या, "मला माहीत नाही." एवढ्या शिकलेल्या बाईनं माझ्यासारख्याला असं सांगावं, यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं.

आता मशीन घरी आहे. त्याच्यावर अण्णा अक्काशी भांडतातसुद्धा. चिन्ना हे नाव त्यात भरू का, असं मॅडमनी विचारलं होतं. अण्णांनी "न्हाई" म्हणून सांगितलं. का, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या दुपारी काय झालं, मला सांगता येणार नाही. रोज फोनवर मशीन विचारतं, जेवलास का. मी सांगतो. पण बोलणं संपलं तरी फोन लगेच ठेवत नाही... पलीकडची घरघर ऐकत जरा वेळ थांबतो.