पायाळू सुनेची लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाची लाथ बसली की कंबरेत भरलेली उसण निघते, असं लोक मानतात. त्यामुळे भवानी पेठेत सून म्हणून आले आणि महिन्याभरात गल्लीतल्या निम्म्या कंबरांना माझा पाय लागला.

सासूबाई मात्र मोहोळच्या, हट्टी. "सुनेची लाथ खाऊ व्हय मी?" म्हणायच्या. पण गेल्या हिवाळ्यात कंबर अशी धरली की आपणहून भिंतीला हात टेकून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "मार, पर हळू."

मी आधी त्यांच्या पाया पडले, मग लाथ मारली. खोटं कशाला बोलू, मजा आली. चार दिवस रोज सकाळी मारली. त्यांच्या अंगात ताप होता, शुगर तर जुनीच, त्यात पायाची एक जखम भरत नव्हती. मी म्हटलं, उसणीची कणकण असेल.

पाचव्या दिवशी त्या उठेचनात. पाय लुळे पडले होते. दवाखान्यात एमआरआय झाला. मणक्याच्या हाडात जंतुसंसर्ग, आणि आत पू साठून नसांवर दाब आलेला. डॉक्टर म्हणाले, "आजच ऑपरेशन. पाय परत चालतील का, आत्ता सांगता येत नाही."

मी लाथांची कबुली देऊन टाकली.

"लाथेनं पू होत नाही. पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून तिथं गेले," डॉक्टर म्हणाले. "पण ताप आणि पाठदुखी एकत्र असताना तुम्ही चार दिवस घालवलेत." हे मला फार लागलं. अजून लागतं.

ऑपरेशन झालं. पुढं सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं होती. मी रोज पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "सून आसावी तर आशी."

"व्हय की, लई गुणाची," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. मी मान खाली घातली आणि चोळत राहिले. पाय काही हलत नव्हते.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी अशीच वाकून चोळत होते, तर टाचेचा हलका धक्का माझ्या छातीला बसला. मी केवढ्यानं तरी ओरडले. नर्स धावत आली.

सासूबाई घाबरल्या. "लागलं का गं?"

"नाही हो आई," मी रडत म्हटलं, "अजून एक मारा."