तापीकाठचा पगारी संघ

नंदुरबार स्टेशनाबाहेर तुकारामचा टांगा दिसला, पण त्यानं नेहमीसारखी पुढं होऊन माझ्या हातातली पेटी घेतली नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. "मास्तर, आप्पा गयात..." तो म्हणाला. "सोमवारले. तुम्हले तार भेटनी नही का?" हल्ली मी धुळ्याला शिकवतो; तार तिथं माझ्या बंद दाराशी पडून होती आणि मी सुटीत बहिणीकडे जाऊन तिथूनच आलो होतो. तुकाराम आज टांगा हाकतो. एके काळी आमच्या फुटबॉल संघात तो बॅक खेळायचा. तापीच्या काठापर्यंत त्यानं घोडा चालीनंच नेला.

त्याला आता पाच आठवडे झाले. आप्पा म्हणजे तापीकाठच्या प्रकाशा गावचे आत्माराम पाटील. कापूस-ज्वारी पिकवणारे, अंगानं आडवे, एका गुडघ्यात कायमचे अधू. चेंडूला लाथ मारताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. तरुणपणी घरात भांडून ते देवळालीला पळाले होते आणि तिथल्या लष्करी इस्पितळात जखमा बांधायचं काम करत होते. तिथं गोरे शिपाई फुटबॉल खेळायचे. पाय मोडून पडलेल्या एका शिपायानं त्यांना सांगितलं की, विलायतेत काही माणसं या खेळावरच पोट भरतात. आप्पा गावी परतले, शेतीला लागले, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मी प्रकाशाच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि मला या खेळाचे नियम ठाऊक आहेत असं कळलं, त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. त्यांना पगारी संघ काढायचा होता. इथं, आमच्या भागात!

मी बोटांवर अडचणी मोजून दाखवल्या. फाल्गुनापासून जमीन तापते. पावसाळ्यात तापी वाट अडवते. हिवताप घरोघरी. आणि बघायला येणार कोण? असा संघ इथं जगणार नाही, असं मी ठामपणे सांगितलं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ऊन दोन्ही बाजूले सारखंच पडस, मास्तर," ते म्हणाले. "आन हिवाळाना चार महिना तं शेतंस ना? चार महिना खेळसूत. बाकीना दिन जो तो आपलं काम करी."

नंदुरबारच्या एका जिनिंगवाल्या शेठजींना त्यांनी कसं पटवलं कोण जाणे. हंगामापुरता अकरा जणांना पगार मिळू लागला. प्रकाशाजवळच्या पडीक रानातले बाभळीचे काटे वेचून मैदान झालं, तरी काटे उरायचेच. चेंडूचा ब्लॅडर फाटला की सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लागायचं. उन्हानं कातडं तडकू नये म्हणून आप्पा त्याला एरंडेल चोळायचे. रोज खेळाआधी ते सगळ्यांना ओळीनं बसवून त्यांचे तळवे बघत आणि सुईनं काटे काढत. कोणाला एकांतरा, म्हणजे दिवसाआड येणारा ताप कुठल्या दिवशी भरतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. "उत्तमनी पाळी मंगळवारले शे, सामना बुधवारले ठेवा," असं ते मला गंभीरपणे सांगत आणि मी हसलो की त्यांना राग येई.

आमचा सगळ्यात चांगला गडी सिंगा. खापर गावाच्या पलीकडच्या डोंगरातला, शेठजींच्या जिनात कापसाची गाठोडी वाहायला आलेला. एकदा उधळलेल्या बैलाला त्यानं धावत जाऊन गाठलं, ते आप्पांनी पाहिलं आणि त्याला तिथूनच मैदानावर आणलं. अनवाणीच खेळायचा. बूट दिले तर गळ्यात अडकवून हिंडायचा.

हंगामाच्या शेवटी सुरतेकडचा एक तयारीचा संघ नंदुरबारला खेळायला आला. त्यांना हरवलं तर पुढच्या वर्षीही पगार चालू, असं शेठजींनी सांगून ठेवलं होतं. पंच मीच होतो. पाहुण्यांनीही ते मान्य केलं होतं. गावोगावहून गाड्या जुंपून माणसं आली. एवढी गर्दी मी त्या भागात जत्रेतच पाहिली होती. त्यांचा एक गोल झाला, मग तुकारामच्या लांब लाथेवर आमचाही झाला. वेळ संपत आली असताना सिंगा घुसला आणि चेंडू जाळ्यात गेला. माणसं नाचायला लागली... पण जाताना चेंडू सिंगाच्या हाताला लागला होता. मी पाहिलं होतं. मी गोल रद्द केला. पुढच्या काही मिनिटांतच पाहुण्यांनी दुसरा गोल केला आणि आम्ही हरलो.

लोक अंगावर धावून आले. कोणीतरी माझी टोपी उडवली. आप्पा लंगडत मधे शिरले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही सोता देखं का?"

"देखं, आप्पा."

"मंग व्हई गयं," ते लोकांकडे वळून म्हणाले. सिंगानंही मान हलवली आणि आपला उजवा हात वर करून दाखवला. गर्दी पांगली. शेठजींनी मात्र त्याच संध्याकाळी कळवलं की, स्वतःच्याच पंचाकडून हरणाऱ्या संघाला पोसण्यात त्यांना रस नाही.

परत येताना नावेत मी म्हणालो, "आप्पा, माझ्यामुळे संघ बुडाला." त्यांचा चेहरा उतरला होता, ते मी आजही विसरलेलो नाही. मग म्हणाले, "शेठ एकला व्हता. एकला मानूस रुसना का खेळ बंद, असं कसं चाली? आते गावेगाव फिरूत."

आणि आम्ही फिरलो. एका गावानं एक गडी सांभाळायचा. चार महिन्यांची ज्वारी, डाळ आणि अंगावरचे कपडे, एवढंच मागणं. दहा गावं मिळाली. सिंगाला घ्यायला मात्र सपाटीवरचं एकही गाव तयार होईना. डोंगरातला माणूस आमच्या नावानं कसा खेळणार, असं तोंडावर विचारणारे भेटले. आप्पांनी वाद घातला नाही. सिंगाला बरोबर घेऊन ते खापरच्या बाजाराला गेले, धोतर पसरलं आणि डिंक, चारोळी विकायला उतरलेल्या डोंगरातल्या लोकांना सिंगानं त्याच्या बोलीत सगळं सांगितलं. एका म्हातारीनं मक्याची एक मूठ टाकली. मग मूठ मूठ करत, ऊन उतरेपर्यंत, धोतर भरलं. ते धान्य सिंगानं कोणालाही उचलू दिलं नाही, खांद्यावरून स्वतः आणलं. त्या दिवशी माझी बोटांवरची मोजणी मला आठवली आणि मी ती आप्पांपाशी मागे घेतली.

असे तीन हिवाळे गेले. सुरतवाल्यांना आम्ही एकदा हरवलं, एकदा बरोबरीत सोडवलं. पुढं महायुद्ध आलं, धान्यावर बंधनं आली आणि गावांकडून मागणं आप्पांनाच बरं वाटेना; पगारी संघ थांबला. पण सिंगाला सुरतेच्या एका गिरणीनं आपल्या संघात घेतलं; हमाल म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. त्याला गाडीत बसवून आल्यावर आप्पांनी साऱ्या गावाला ती बातमी दोनदोनदा सांगितली. बिनपगारी खेळ मात्र चालूच राहिला, दर रविवारी, आणि खेळाआधी आप्पांच्या ओसरीवर भिजवलेले हरभरे आणि गूळ ठरलेलेच.

आप्पा गेल्यापासून खेळ बंद होता. गेल्या शनिवारी मी पुन्हा प्रकाशाला जाऊन आप्पांच्या घरी मुक्काम केला. सकाळी ओसरीवर पितळी घंगाळ दिसलं, भिजलेल्या हरभऱ्यांनी काठोकाठ भरलेलं. वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, शेजारी गुळाचा खडा घेऊन बसल्या होत्या. "दर शनवारले आप्पा सांगेत, मी भिजाडू," त्या म्हणाल्या. "काल कोन्ही सांगं नही, तरी हात गया... आते कोन खाई, मास्तर भाऊ?"

थोड्या वेळानं नदीच्या बाजूनं माणसं येताना दिसली. चार-पाच असतील असं वाटलं होतं, अंगण भरलं. तुकाराम होता, सुटीवर आलेला सिंगा होता, आणि ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे डोंगरातले आणि सपाटीवरचे कितीतरी. प्रत्येकानं वाकून मूठभर हरभरे घेतले, गुळाचा तुकडा तोंडात टाकला आणि तो मैदानाकडे गेला. शेवटच्या दोघांना वाटून घ्यावं लागलं.

वहिनींनी रिकामं घंगाळ तिरपं करून पाहिलं, पदरानं पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुढला शनवारले आखो दोन शेर भिजाडना पडी."