येळवशीला गायब झालेलं एफएम

भानामती, अंगात येणं वगैरे सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवलीय. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटतेय... पण लिहिते.

मी नांदेडला पीएचडी करते. विश्वातले पहिले तारे पेटले त्या काळातला हायड्रोजनचा क्षीण रेडिओ सिग्नल शोधायचा, हा विषय. त्यावर आपल्याच आकाशगंगेचा प्रचंड गोंगाट, शिवाय एफएम स्टेशनं. ते सगळं वजा करून उरलेलं ऐकायचं — आठवडी बाजारात भोंगे चालू असताना कुणाची कुजबुज ऐकावी तसं.

उसना आणलेला अँटेना लातूरकडे, औशाजवळ मामांच्या रानात होता. तो परत जायची वेळ आली होती, आणि स्वच्छ डेटा नाही मिळाला तर विषय बदल, असं सरांनी बजावलं होतं. शेवटचा प्रयत्न मी मुद्दाम येळवशीला ठेवला. मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला लातूर बंद, म्हणजे शहराचा गोंगाट कमी. शहाणीच मी! शहर बंद असतं कारण सगळे रानात जेवायला येतात, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळपासून बांधावर मोटारसायकली, त्यांच्या इंजिनांच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट वेगळाच. ट्रॅक्टरवर एफएम लावलेलं.

"मामा, गाड्या तरी लांब लावायला सांगा ना!"

"अगं माय, कशाला वरडायलीस? येळवस हाय. पावन्यान्ला येऊ नका म्हनू का? आंबील पी आधी."

डोकं फिरलं, तरी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. हातात येईल त्यातूनच काढायचं, असं ठरवलं.

दुपारी कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात, पूजा झाली. मामा आंबील शिंपडत रानाला फेरी घालू लागले. मी स्क्रीनकडे पाहिलं... आलेखातले एफएम स्टेशनांचे उंच सुळके गायब! केबल तपासली. आकाशगंगा नीट दिसत होती. फक्त माणसांचं काहीच नव्हतं. आणि शेजारी ट्रॅक्टरवर गाणं चालूच! अंगावर काटा आला. फेरी संपली, सुळके परत.

तेवढ्या तुकड्यातून आकाशगंगा वजा केली. अपेक्षित जागी, अगदी तिथेच, आलेखात उथळ खड्डा: हायड्रोजनचा तोच सिग्नल. मी रडले.

सर म्हणाले, "सुंदर आहे. वापर. एफएमचं कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना, सर."

नाही वापरला. वर्ष वाया गेलं, विषय मात्र सोडला नाही. स्वतः अँटेना बांधून पुढच्या येळवशीला पुन्हा मांडला. एफएम ठणठणीत.

"रानानं एक डाव दिलं व्हतं, तूच घेतलं न्हाईस," मामा म्हणाले.

त्या दिवशी काय झालं, मला आजही माहीत नाही. यंदा दोन अँटेना मांडणार आहे, एकाला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसतं का पाहायला.