विहीणबाईंचा प्राणायाम

प्राणायाम न करता प्राणायामाची एवढी जय्यत तयारी करणारी बाई साऱ्या नागपुरात दुसरी नसेल, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. माझी मुलगी नि त्यांचा मुलगा लग्न करून कॅनडाला गेले आणि इथे आम्ही दोघी उरलो. त्या सक्करदऱ्यात एकट्या, मी दोन गल्ल्या पलीकडे एकटी. विहीणबाई कुठल्याशा शिबिराला आठ दिवस जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी या. तुम्हाले श्वासच घेता येत नाही." अडुसष्ट वर्षं मग मी काय घेत होते, हे विचारायची सोय नव्हती. मुलीची आई ना मी! मुलाच्या आईने डाव्या कुशीवर व्हा म्हटलं, की व्हायचं.

कूस हेच त्यांचं सगळं शास्त्र. म्हणे डाव्या कुशीवर झोपलं की उजवी नाकपुडी मोकळी होते, उजव्या कुशीवर झोपलं की डावी. दोन्ही सारख्या झाल्या की मगच प्राणायामाला बसायचं. त्यासाठी डोक्याखाली चादरीची घडी, गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला टेकू म्हणून गुंडाळलेली सतरंजी. एवढी मांडामांड तर पोरांच्या लग्नात बोहल्यावरही नव्हती. मग त्या पावडरच्या डबीतला आरसा माझ्या नाकाखाली धरत आणि त्यावरची वाफ निरखत. "उजवीकडची बारकी दिसून राहिली. पुन्हा कूस बदला." भर मे महिन्यात कूलर बंद. मी म्हटलं, "अहो, शिजून राहिली मी!" तर म्हणाल्या, "काहून, श्वास ऐकाचा आहे का कूलर?"

एकदा गांधीबागेत साड्या घ्यायला गेलो. दुकानदार बिचारा शिंकून बेजार. विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, डाव्या कुशीवर व्हा बरं." त्यांच्या आवाजात असं काही असतं की तो खरंच गादीवर आडवा झाला, आणि यांनी त्याच्या नाकाखाली आरसा धरला. तेवढ्यात जिना चढून आलेल्या एका बाईला वाटलं, शेठ गेले! ती ओरडतच खाली पळाली.

पण दोन वर्षं झाली तरी प्राणायाम काही येईना. सुरुवातीला शेजारच्या दोघी यायच्या. एक आडवी होताच घोरायची, दुसरी कंटाळली, मग दोघीही बागेतल्या वर्गाला जाऊ लागल्या. मी एकटी राहिले. रोज आरशात काहीतरी निघायचंच. मग चहा, मग कॅनडाचे तेच फोटो, मग अकरा वाजायचे.

गेल्या महिन्यात माझा संयम सुटला. "आज शिकवत असाल तर शिकवा, नाही तर उद्यापासून मी काही येत नाही."

त्यांनी आरशाची डबी मिटली, मांडी घातली आणि शिकवलं. काय सुरेख शिकवलं हो! सात-आठ मिनिटांत सगळं झालं.

"एवढंच असते," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाले घरीच करता येईल. रोज इकडे यायची काही गरज नाही." आणि पाठ फिरवून माझ्या सतरंजीची घडी करू लागल्या, काठाला काठ जुळवून, सावकाश. जुळलेले काठ पुन्हा सोडवत होत्या, पुन्हा जुळवत होत्या.

मी चप्पल घातली. घरी जाऊन मी तरी काय करणार होते? आमच्याकडे फ्रीज तेवढा बोलतो. चप्पल काढली.

"विहीणबाई, डावीकडून अजून कोंदल्यासारखंच वाटून राहिलं."

"मले माहीतच होतं! हे काय घाईचं काम आहे?"

मी उजव्या कुशीवर झाले, तोंड भिंतीकडे. सतरंजी लावायची राहूनच गेली. त्या माझ्या मागे बसल्या आणि श्वास कुठवर पोचतो ते पाहायला म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ झाला तरी उचलला नाही. माझ्या पाठीवर असा कुणाचा हात पडून किती वर्षं झाली असतील, मला आठवेना. दोन्ही नाकपुड्या केव्हाच्या मोकळ्या होत्या. मी कूस बदलली नाही.