जिभेवरची पट्टी

बागेत येणारे लोक जिवंत झाडं बघतात, काचघरापाशी फोटो काढतात आणि घरी जातात. मेलेली झाडं कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर असतात. दोन लाख रोपं, वाळवून जाड कागदांवर चिकटवलेली, लोखंडी कपाटांत. काही तर दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून आलेली. एखादं रोप ज्या टेकडीवरून खुडलं तिथे आज सिमेंटचा कारखाना आहे आणि ते रोप जगात फक्त कागदावर उरलंय. असल्या कागदांची डागडुजी करण्यात मावशीची एकतीस वर्षं गेली. खरं तर ती मावशी एकाच भाचीची, पण माळ्यांपासून साहेबांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत.

काम दिसायला पोरखेळ. रोपावरची सुटलेली जुनी पट्टी काढायची आणि डिंक लावलेली कागदाची नवी पट्टी ओली करून देठावर बसवायची. ओली करायला टेबलावर स्पंज असे, पण मावशीला त्याचा भारी तिटकारा. स्पंजने पाणी जास्त होतं, कागदावर पिवळट डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. ती रोप हाताळलेल्या बोटांनीच पट्टी उचलायची आणि सरळ जिभेवरून फिरवायची. माझ्या कागदावर डाग दाखवा आणि बक्षीस घ्या, असं छाती ठोकून सांगायची.

मुलगी आणि भाची, दोघींना तिनेच साहेबांच्या मागे लागून त्या खोलीत कामाला लावलं आणि पट्टी जिभेने लावायला शिकवलं. भाची म्हणजे वारलेल्या बहिणीची पोर, चार वर्षांची असल्यापासून हिनेच वाढवलेली. मुलीच्या कागदांवर डाग पडत.

"डोळे काय घरी ठेवून येतेस?" मावशी सगळ्यांदेखत तिची बिनपाण्याने करायची. "हिच्याकडून शीक जरा."

ही म्हणजे भाची. तिचं काम आरशासारखं लख्ख. मुलगी तोंड वाकडं करून ऐकून घेई.

मग मावशीचे हात थरथरू लागले. हिरड्यांतून रक्त यायचं आणि क्षुल्लक गोष्टीवरून ती लोकांच्या अंगावर धावून जायची. सगळे म्हणाले, वय झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्र काम काय करता ते विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. रक्तात पारा निघाला.

साहेबांना काही धक्काबिक्का बसला नाही. कीड लागू नये म्हणून जुने लोक रोपांना रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं विष, चोपडत हे त्यांना पाठ होतं.

"पण मावशी, पट्टी जिभेने लावा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"लावू नका असं तरी कोणी सांगितलं, साहेब?"

दुसऱ्या दिवशी खोलीत हातमोज्यांचा खोका आला. एकतीस वर्षांनी! माणसाने हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

संध्याकाळी मावशीने दोघींना समोर बसवलं. तिचं स्वतःचं काय व्हायचं ते होवो. पोरींना आपण आपल्या हाताने विष चाटायला लावलं का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मुलगी आधी बोलली. "आई, ओरडू नकोस. तुझी पाठ वळली की मी स्पंजच घ्यायचे. ते चाटणं मला किळसवाणं वाटायचं."

मावशीने तिला जवळ ओढलं आणि ढसाढसा रडली. ज्या डागांपायी पोरीला चारचौघांत घालूनपाडून बोलली, त्या डागांनीच पोरीला वाचवलं होतं.

मग तिने भाचीकडे बघितलं.

"मी पण स्पंजच घ्यायचे गं, मावशी," भाची पापणीही न हलवता म्हणाली. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी खोलीत गेली. डागडुजी करणारी आपली खूण कागदाच्या कोपऱ्यात करते. भाचीची खूण असलेले कागद तिने कपाटांतून काढले आणि खिडकीशी नेऊन एकेक उजेडात तिरका धरून बघू लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती डाग सापडावा म्हणून विनवण्या करत होती. एक तरी, नखाएवढा. मुलगी जेवायला बोलवायला आली, ती उठली नाही. उजेड जाईपर्यंत सहाशे कागद बघून झाले. सगळे स्वच्छ होते.