कमरेचं जास्तीचं कापड

हेडक्लार्क साहेबांनी साखर सोडली, सकाळी चालायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत त्यांचं पोट उतरलं. एवढ्यावर गप्प बसले असते तर ते साहेब कसले! उचलली जीभ लावली टाळ्याला. कचेरीत, जिन्यात, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतही प्रवचन चालू.

प्रवचनाची गाडी शेवटी बायकोवर यायची. तीही बरोबर चालायची, बिनसाखरेचा चहा प्यायची, पण काटा जागचा हलत नव्हता. "मनाचा निग्रह लागतो," साहेब सांगायचे, "ही चोरून खात असणार." पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. गिऱ्हाइकांसमोर हे ऐकून तिची मान खाली जायची. मग साहेबांनी तिचं ताट अर्धं केलं. स्वतः वाढायचे! आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं तिलाही वाटायला लागलं.

साहेबांच्या पँटी तिनंच कमरेत आत घेतल्या. कुठलाही शिंपी मागच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, तसं तिनंही ठेवलं. साहेब खवळले. "मी काय परत जाड होणार? काप ते!" तिनं मुकाट्यानं सगळ्या पँटींचं कापलं.

पुढे एका दुपारी मशीनवरच तिला घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि साहेबांनाच फैलावर घेतलं. "पुरुषांच्या अंगात मुळात स्नायू जास्त. बसल्या जागीही त्यांचं जास्त जळतं, पोटही लवकर उतरतं. बाईला वेळ लागतो. अर्धपोटी ठेवलंत तर आहेत ते स्नायूही झडतील. पोटभर जेवू द्या, वजनं उचलू द्या."

"मग माझा निग्रह?"

"आहे की थोडा. बाकीचं फुकटात मिळालंय."

ती खुदकन हसली. इतके दिवस ज्याला भ्याले तो हा एवढासा माणूस, असं तिला वाटलं आणि त्याचा मनापासून तिटकारा आला. त्या रात्रीपासून तिनं आपलं ताट आपण वाढून घेतलं. रोज सकाळी कापडाचे तागे उचलून व्यायाम करू लागली. साहेब मात्र रुसले. चालणं सुटलं, साखर परतली.

बढतीच्या समारंभादिवशी साहेब पँटचं बटण ओढत बाहेर आले. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

"अगं, जरा सैल कर ना."

"कशातून करू? कापड तुम्हीच कापायला लावलंत." तिनं गळ्यातली टेप सारखी केली, त्यांच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चोरून खाता का हो?"