जपानी अक्षरांचा कॅमेरा

काल मोबाईलनं मराठीत विचारलं, 'फोटो कायमचा हटवायचा?' माझा अंगठा तिथंच थबकला.

पैसे वाचावेत म्हणून मी जपानहून कॅमेरा मागवला होता. त्यातली अक्षरं जपानीच. बटणं अंदाजानं दाबायचो. गालावर कोड असलेली माझी आक्का फोटोत कायम पदर ओढायची. सोनारीच्या देवळासमोर, उन्हात, तिनं तो पहिल्यांदा सोडला. "काढ आता. लई झालं लपणं."

फोटो मोठा करून बघायला गेलो. पडद्यानं काहीतरी विचारलं, मी हो म्हणून बटण दाबलं. आक्काचा फोटोच गेला. तोवर तिनं पदर पुन्हा ओढला होता.

"आला का रं चांगला?"

"व्हय, लई चांगला."

"मंग मोठा करून घरात लाव."

आता लावलाय. हाराखालच्या त्या जुन्या फोटोत तिचा गाल झाकलेलाच आहे.